आवाज गेला की पट्टी उतरली?

जुलै २०१५ पासून जगभरातले नवे अल्बम शुक्रवारी प्रकाशित होतात. त्यामुळे वयाची सत्तरी-ऐंशी गाठलेल्या एखाद्या अमेरिकन ‘सोल’ शैलीच्या गायकाचं नवं काम मिरजेतल्या किंवा सांगलीच्या विश्रामबागेतल्या चाहत्याच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या मेम्फिसच्या बरोबरीनंच येऊन पडतं. दुपारपर्यंत मतंही ठरलेली असतात. ‘आवाज गेला.’ ‘नाही रे, आवाज पिकलाय.’ ‘गातो छान, पण जुनी मजा नाही.’ तिघंही काहीतरी खरं ऐकत असतात, फक्त तिघं एकच गोष्ट ऐकत नसतात. गायकाचा गळा, गाण्याची पट्टी, स्टुडिओतलं काम आणि ऐकणाऱ्याचे स्वतःचे कान हे सगळं त्या एका वाक्यात मिसळलेलं असतं. ते वेगळं करता येतं. त्यासाठी ट्यूनरचं (लागलेला सूर कोणता ते दाखवणारं) ॲप, बरे हेडफोन आणि थोडा निवांत वेळ एवढंच लागतं.

आधी गळा. पुरुषांचे स्वरतंतू साधारण १७ ते २५ मिलिमीटर लांब असतात, स्त्रियांचे १२ ते १७. आत स्नायू, त्यावर मऊ लवचीक थर आणि सगळ्यात वर पातळ आवरण अशी त्यांची रचना असते. वय वाढतं तसा स्नायू बारीक होतो, मऊ थरातले लवचीक तंतू कमी होतात आणि स्वरयंत्राच्या कूर्चा हळूहळू हाडासारख्या कडक होतात. मग स्वरतंतू मिटताना मधोमध फट राहते. त्या फटीतून हवा निसटते आणि सुरात श्वास मिसळल्यासारखा ऐकू येतो. वैद्यकशास्त्रात याला प्रेस्बिफोनिया म्हणतात. म्हातारपणी पुरुषांचा बोलण्याचा आवाज थोडा वर चढतो, तर स्त्रियांचा रजोनिवृत्तीनंतर खाली उतरतो. म्हणून गायिकेचे वरचे सूर आधी जातात आणि खर्ज उलट भरदार लागतो. काही चाहत्यांना तोच जास्त आवडतो.

मिरजेच्या सतारमेकरांना हा प्रश्न वेगळ्या रूपात रोज भेटतो. तारा घासून घासून तानपुऱ्याच्या घोडीवर खाचा पडतात, जवारी, म्हणजे तारेच्या सुराची गुंज, बसते, आणि कारागीर घोडी घासून ती पुन्हा काढून देतो. स्वरतंतूंना ती सोय नाही. आवाजाचे व्यायाम, पुरेसं पाणी आणि गरज पडली तर फट भरून काढणारं इंजेक्शन यांनी बराच फरक पडतो, पण विशीतला पृष्ठभाग परत येत नाही.

दुसरा भाग श्वासाचा. पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर टाकता येणारी हवा तिशीनंतर दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलिलिटरनं कमी होते, म्हणजे चाळीस वर्षांत लिटरभर. इकडे भाता लहान झालेला आणि तिकडे फटीतून गळती, त्यामुळे एका दमात येणारी ओळ आता दोनदा तुटते. अनुभवी गायक ती तोडायची जागा अशी निवडतो की शब्दाचा अर्थ उलट उठून दिसावा. हे कसब मात्र वयाबरोबर वाढतं.

सोलच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. १९५० आणि ६० च्या दशकांत कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिगीत, म्हणजे गॉस्पेल, आणि रिदम अँड ब्लूज ही त्यांचीच लोकप्रिय संगीतशैली यांच्या संगमातून हे गाणं घडलं. त्यात आवाजाचा खरखरीतपणा हा दोष नाही, अलंकार आहे. मग ही खरखर मुद्दाम लावलेली की वयाची, हे ओळखायचं कसं? ती कुठे येते ते बघा. मुद्दाम लावलेली खरखर ओळीच्या शिखरावर, जोरात येते आणि पुढच्याच शब्दाला आवाज स्वच्छ होतो. वयाची खरखर हळू आवाजात, सूर लावताना आणि ओळ संपताना दिसते, कारण कमी हवेवर स्वरतंतू हलते ठेवणं हेच सगळ्यात अवघड काम असतं. ‘आवाज गेला’ म्हणण्याआधी अल्बममधलं सर्वांत संथ, सर्वांत हळू गायलेलं गाणं काढावं आणि ओळींची फक्त शेवटची अक्षरं ऐकावीत. जोरकस गाणी खूप काही लपवतात.

दुसरी खूण आंदोलनाची. लांब सुरावर गळा जो कंप देतो, तो तयारीच्या आवाजात सेकंदाला साधारण ५ ते ७ वेळा होतो. वयानुसार तो मंदावतो आणि रुंदावतो, आणि सूर डळमळल्यासारखा वाटतो. मोजायला सोपं आहे: निदान दोन सेकंद टिकलेला सूर शोधा, गाणं वाजवणाऱ्या ॲपमध्ये वेग ०.५ करा म्हणजे तो चार सेकंदांचा होईल, आणि कंप मोजा. १० ते १२ आले तर खरा वेग सेकंदाला ५ ते ६, गळा ठणठणीत. ८ किंवा त्याहून कमी आले तर वय बोलतंय. एका सुरावर निकाल देऊ नका, निदान चार-पाच सूर घ्या.

आता पट्टी. जुनंच गाणं नव्यानं किंवा मैफलीत गायलेलं असेल, तर शेवटचा सूर ट्यूनरवर धरा, बहुतेक वेळा तोच षड्ज असतो. आधी पेटीवरची काळी ५ होती आणि आता पांढरी ५ निघाली, तर गाणं तीन अर्धस्वर खाली आलंय. गाणी सगळीच नवी असतील, तर पट्टीपेक्षा संपूर्ण अल्बममध्ये लागलेला सर्वांत वरचा सूर शोधा आणि जुन्या अल्बममधल्या तशाच सुराशी ताडून बघा. पट्टी उतरवणं हा शहाणपणा आहे. जुन्या पट्टीचा हट्ट धरून वरच्या सुराला आवाज फाटण्यापेक्षा ते शतपटीनं बरं, आणि त्याला ‘आवाज गेला’ म्हणणं अन्यायाचं आहे.

इथे एक फसगत होते. जुन्या रेकॉर्डिंगवर ट्यूनरचा काटा कधी दोन पट्ट्यांच्या मधेच अडकतो. दोष गायकाचाही नाही आणि ॲपचाही नाही. टेप ३ टक्के जलद चालली तर सगळे सूर साधारण ५० सेंट, म्हणजे अर्ध्या अर्धस्वरानं चढतात, आणि ६ टक्क्यांना पूर्ण एका अर्धस्वरानं. त्यासोबत आवाज थोडा कोवळाही वाटतो. म्हणजे ज्या तरुण आवाजाशी आपण तुलना करतो, त्याचं थोडं तारुण्य यंत्राचं असू शकतं.

स्टुडिओचा वाटा याहून मोठा. नव्वदच्या दशकापासून रेकॉर्डिंग जास्तीत जास्त मोठ्या आवाजात छापायची चढाओढ लागली. हळू आणि जोर यांतलं अंतर त्यात दाबलं जातं, आणि सोलचा जीव तर त्याच अंतरात असतो. शिवाय एका डेसिबलनं मोठं असलेलं रेकॉर्डिंग कानाला उगाचच ‘चांगलं’ वाटतं. म्हणून तुलनेआधी गाण्याच्या ॲपमधली आवाज समान राखण्याची सोय चालू करा, इक्वलायझर आणि बास बूस्ट बंद करा, आणि फक्त गळा ऐकू येणाऱ्या जागेवर दोन्ही आवाज हातानं जुळवा. मोबाइलच्या स्पीकरवर हे करू नये. तो खालचे सूर जवळजवळ देतच नाही, त्यामुळे उतरलेला, भारदस्त आवाज त्यावर पोकळ वाटतो. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या क्लिपवरून तर मत बनवूच नये.

१९९७ मध्ये ऑटो-ट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर बाजारात आलं. ते घाईघाईनं सूर जागेवर ओढतं तेव्हा मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, पायऱ्यापायऱ्यांची होते. ‘आवाज प्लास्टिकचा वाटतो’ ही तक्रार बहुतेक वेळा याच गोष्टीची असते, गळ्याची नसते. श्वास मोजताना हेही लक्षात ठेवा की स्टुडिओत श्वास कापून टाकता येतात. श्वासाची परीक्षा घ्यायची तर थेट मैफलीचंच रेकॉर्डिंग हवं.

स्टुडिओ आणि गळा यांतला फरक ऐकायचा तर सोल गायक अल ग्रीन हे उत्तम उदाहरण. १९७० च्या दशकात मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत निर्माते विली मिचेल यांच्याबरोबर त्यांची सर्वांत गाजलेली गाणी ध्वनिमुद्रित झाली, आणि २००३ मध्ये आलेला अल्बमही त्याच स्टुडिओत, त्याच निर्मात्याबरोबर, बऱ्याचशा जुन्याच वादकांना घेऊन झाला. दोन्ही एकामागून एक ऐकले की उरलेला फरक मुख्यतः गळ्याचा. १९४६ चा जन्म, म्हणजे २००३ ला वय ५७ च्या आत-बाहेर. ध्वनिमुद्रणाचं तंत्र बदललं होतं हे मान्य करूनही इतकी स्वच्छ तुलना क्वचितच मिळते.

‘जुनी मजा नाही’ याचा बराचसा उगम मेंदूत आहे. २०११ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात वालोरी सलीमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आवडत्या गाण्यात अंगावर काटा येण्याच्या क्षणी मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवतं, आणि त्या क्षणाची वाट बघतानाही मेंदूच्या दुसऱ्या भागात ते स्रवतं. जुन्या गाण्यात तो क्षण कुठे येणार हे पाठ असतं. नव्या गाण्यात वाट बघायची कशाची, हेच माहीत नसतं. २०१३ च्या त्यांच्या पुढच्या प्रयोगात १९ जणांना न ऐकलेल्या ६० तुकड्यांवर स्वतःचे पैसे लावायला सांगितलं होतं. जास्त पैसे लावलेल्या तुकड्यांच्या वेळी मेंदूचं आनंदाचं केंद्र आणि ऐकण्याचा भाग यांचा संवाद वाढलेला दिसला. ऐकण्याच्या त्या भागात आपण आयुष्यभर ऐकलेल्याचा साठा असतो. नुसत्या परिचयानं पसंती वाढते हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्येच मांडलं होतं. त्यामुळे अल्बम तीन-चार वेगवेगळ्या दिवशी ऐकून मगच बोलावं. एकाच दिवशी दहादा लावला तर मात्र कंटाळाच हाती लागतो.

राहिले कान. गायकाबरोबर चाहताही साठीला आलेला असतो. वयाची बधिरता वरच्या कंपनांपासून सुरू होते, म्हणून ‘स’, ‘फ’, ‘श’ आणि गळ्याची झळाळी आधी फिकी पडते. पाठ असलेल्या गाण्यात हरवलेले शब्द स्मरण भरून काढतं. नव्या गाण्यात ती मदत नसते, आणि ‘आता शब्द चावतो’ असा दोष गायकावर जातो. घरातल्या विशीतल्या कुणाला तीच ओळ ऐकवून शब्द लिहायला सांगा. त्याला सगळे कळले आणि आपल्याला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यावी. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात त्यासाठी लांब जावं लागत नाही. त्यात साधारण २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर तपासतात. आलेखाची रेघ ४००० च्या पुढे थोडीच घसरलेली असेल, तर इक्वलायझरवर ४ ते ८ हजारांचा भाग ३-४ डेसिबलनं वर करून तोच अल्बम पुन्हा लावावा. सगळाच आवाज वाढवू नये. खालचे सूर आधीच पुरेसे पोचत असतात, ते वाढले की शब्द आणखी झाकले जातात. घसरण जास्त असेल तर इक्वलायझर पुरत नाही. श्रवणयंत्र घेताना त्यात संगीतासाठी वेगळा प्रोग्राम आहे का ते विचारावं, कारण बोलण्यासाठी लावलेल्या सेटिंगमध्ये लांब लावलेला सूर यंत्राला शिट्टी वाटू शकतो आणि ते तो दाबून टाकतं.