मृत्यूनंतरचा हिशेब कधी सुरू झाला?

कठोपनिषदात नचिकेत यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसून राहतो. घरी आलेल्या पाहुण्याची अशी आबाळ झाली म्हणून यम त्याला तीन वर देऊ करतो. पहिले दोन सहज मिळतात. तिसऱ्या वेळी हा मुलगा विचारतो, "येयं प्रेते विचिकित्सा मनुष्येऽस्तीत्येके नायमस्तीति चैके." माणूस गेल्यावर तो असतो असं काही म्हणतात, नसतो असं काही म्हणतात, खरं काय ते मला सांगा. यम टाळायला बघतो. शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं माग, हत्ती-घोडे माग, सोनं माग, पण एवढं विचारू नकोस. याबद्दल पूर्वी देवांनाही शंका होती, असं तो म्हणतो.

प्रश्न खुद्द मृत्यूलाच विचारलेला आहे, आणि त्या प्रश्नातच दोन्ही बाजू मांडलेल्या आहेत. आधी सगळे श्रद्धाळू होते, शंका घेणारे पुढे आले, हा समज या एका ओळीपुढे टिकत नाही. असाच आणखी एक समज आहे: चांगल्याला स्वर्ग आणि वाइटाला नरक ही कल्पना माणसाइतकीच जुनी असावी. ती तशी नाही. मेलेल्या माणसाचं पुढे काहीतरी होतं, हे माणसाला फार आधीपासून वाटत आलं आहे. त्याच्या वागण्याचा तिथे हिशेब होतो, हे मात्र बरंच नंतर सुचलं, आणि वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या कारणांनी सुचलं.

किती आधीपासून? केनियातल्या 'पांगा-या-सैदी' नावाच्या गुहेत सुमारे ७८,००० वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. मूल अडीच-तीन वर्षांचं. उजव्या कुशीवर, गुडघे छातीशी घेतलेले, जसं झोपेत घेतात तसे. हाडांच्या ठेवणीवरून संशोधकांनी अंदाज केला की वरचं अंग कशात तरी गुंडाळलेलं होतं आणि डोक्याखाली उशीसारखं काहीतरी ठेवलेलं होतं, जे पुढे कुजून गेलं. मेलेल्या पोराच्या डोक्याखाली उशी ठेवणाऱ्याच्या मनात नेमकं काय होतं, हे कुठलीही हाडं सांगत नाहीत. त्यामुळे हा परलोकावरच्या विश्वासाचा पुरावा आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या मातीतून परलोकाच्या सगळ्या कल्पना उगवल्या, ती माती इथे दिसते: गेलेल्याला अजून काहीतरी लागत असेल, ही काळजी.

जुन्या लिखित पुराव्यात बऱ्याच ठिकाणी चित्र उदास आहे. मेसोपोटेमियात मेलेले सगळेच जमिनीखालच्या, परत न येण्याच्या प्रदेशात जात. तिथे अंधार, धूळ हेच अन्न, आणि अंगावर पाखरांसारखी पिसं. सज्जन-दुर्जन असा भेद नाही. ग्रीकांचा हेडीसही असाच. होमरच्या काव्यात अकिलीजसारखा वीर तिथून सांगतो की सगळ्या मृतांचा राजा होण्यापेक्षा जमिनीचा तुकडाही नसलेल्या माणसाकडे राबणं मला परवडलं असतं. हिब्रू बायबलमधल्या जुन्या भागातला शिओलही तसाच, राजा आणि गुलाम दोघांना सारखाच.

मग मेल्यावरची स्थिती कशावर ठरायची? एक सुमेरियन रचना आहे, तिच्या जवळपास ३,८०० वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या मिळाल्या आहेत. तीत गिल्गमेश राजाचा सोबती एन्किडू खालच्या जगातून आलेला असतो आणि गिल्गमेश त्याला एकेकाची खबर विचारतो. एक मुलगा असलेला कसा आहे? भिंतीत ठोकलेल्या खुंटीपाशी रडतोय. दोन मुलगे असलेला दोन विटांवर बसून भाकरी खातोय. तीनवाल्याला पाणी मिळतंय. असं चढत चढत सात मुलगे असलेला देवांच्या पंगतीला बसलाय. ज्याला वारसच नाही, त्याच्या तोंडी भट्टीतल्या विटेसारखी भाकरी. या यादीत पाप-पुण्य कुठेच नाही. मागे पाणी द्यायला किती जण आहेत, एवढाच सवाल आहे. मेसोपोटेमियात मृतांना नाव घेऊन अन्नपाणी देण्याचा किस्पू नावाचा विधीच होता, त्यामुळे हे गणित त्यांना सरळ वाटत असणार.

पण याच रचनेत गिल्गमेश शेवटीशेवटी विचारतो, माझी ती मेलेली जन्मलेली लेकरं, ज्यांनी जगणं पाहिलंच नाही, ती दिसली का? एन्किडू म्हणतो, ती सोन्या-चांदीच्या मेजाशी मध-तुपात खेळताहेत. नियमाप्रमाणे या लेकरांना काहीच मिळायला नको होतं, कारण त्यांच्या मागे पाणी द्यायला कोणीच नाही. कवीने नियम मोडला. परलोकाच्या कल्पनांचा पुढचा इतिहास वाचताना मला ही जागा पुन्हा पुन्हा आठवते, कारण अनेक ठिकाणी असंच झालं. जुन्या नियमात न बसणारा एखादा मृत्यू समोर आला आणि नियम बदलला.

इजिप्तमध्ये बदल वरून खाली झिरपत आला. इसवी सनापूर्वी २३५० च्या सुमारास उनास राजाच्या पिरॅमिडमध्ये भिंतींवर मंत्र कोरले गेले. ते राजाला आकाशात पोचवण्यासाठी होते. काही शतकांनी तसेच मंत्र सरदार-अधिकाऱ्यांच्या शवपेट्यांवर दिसू लागले, आणि इ.स.पू. १५५० नंतर पपायरसच्या गुंडाळ्यांवर, ज्यांना ऐपत असेल त्यांच्यासाठी. काही गुंडाळ्या आधीच तयार करून ठेवलेल्या असत, मृताचं नाव लिहायला जागा मोकळी सोडून. त्यांतल्या काहींत ती जागा तशीच कोरी राहिली आहे.

या गुंडाळ्यांतलं तराजूचं चित्र प्रसिद्ध आहे. एका पारड्यात मृताचं हृदय, दुसऱ्यात माआत या सत्यदेवतेचं पीस. अनुबिस हा देव तराजू बघतो, थोथ हा देव निकाल लिहून घेतो, आणि बाजूला दोषी हृदय गिळणारी, मगरीच्या तोंडाची अम्मित वाट बघत बसलेली. बेचाळीस देवांपुढे मृत म्हणतो, मी चोरी केली नाही, मी माप मारलं नाही. इथे हिशेब आला. पण माणूस तो माणूसच. हृदयावर ठेवायच्या दगडी भुंग्यावर एक मंत्र कोरलेला असे, त्यात मृत आपल्याच हृदयाला विनवतो की तराजूपाशी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. आपल्याबद्दलचं सगळं खरं कोणाला ठाऊक असतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

भारतात हिशेब वेगळ्या वाटेने आला. ऋग्वेदात यम म्हणजे मरणारा पहिला माणूस, ज्याने पुढच्यांसाठी वाट शोधली. मेलेले त्या वाटेने पितरांकडे जातात. दुसऱ्या एका सूक्तात मृताला म्हटलं आहे, "सूर्यं चक्षुर्गच्छतु वातमात्मा", तुझा डोळा सूर्याकडे जावो, प्राण वाऱ्याकडे. पुनर्जन्माचा स्पष्ट सिद्धांत तिथे नाही. ब्राह्मणग्रंथांत पुनर्मृत्यूची धास्ती दिसू लागते: त्या लोकातलं पुण्य सरलं की तिथेही मरावं लागलं तर? बृहदारण्यकात जनकाच्या सभेत आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो, माणसाची वाणी अग्नीत गेली, प्राण वाऱ्यात गेला, डोळा सूर्यात गेला, मग तो माणूस राहतो कुठे? याज्ञवल्क्य भर सभेत उत्तर देत नाही. "आहर सोम्य हस्तम्," बाळा, हात दे इकडे, हे आपल्या दोघांतच बोलू, असं म्हणून त्याला बाजूला नेतो. दोघं कर्माबद्दल बोलले, एवढंच उपनिषद सांगतं: पुण्य कर्माने माणूस पुण्यवान होतो, पापाने पापी. पुढे ज्या विचाराने कोट्यवधी लोकांचं जगणं घडवलं, तो या प्रसंगात असा कोपऱ्यात, हात धरून, हळू आवाजात सांगितलेला आहे.

या हिशेबाला न्यायाधीश लागत नाही. जैनांनी तर कर्म हे आत्म्याला चिकटणारं सूक्ष्म द्रव्यच मानलं. ते झडलं की आत्मा हलका होऊन विश्वाच्या माथ्यावर जातो. बौद्धांपुढे वेगळी अडचण होती. कायमचा आत्माच नाही तर पुन्हा जन्मतं काय? नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला दिलेलं उत्तर असं, की एका दिव्यावर दुसरा दिवा लावला तर पहिल्यातलं काही उठून दुसऱ्यात जात नाही, तरी दुसरी ज्योत पहिलीमुळेच पेटते.

पश्चिम आशियात हिशेबाला निकड आली ती छळातून. झरथुष्ट्राच्या, म्हणजे पारशी परंपरेत मृतांचा निवाडा करणारा चिन्वत पूल आणि जगाच्या शेवटी मृतांचं उठणं या कल्पना होत्या. यहुदी धर्मात मात्र देवाचा न्याय याच आयुष्यात होतो, आज्ञा पाळणाऱ्याचं भलं होतं, असा भाव पूर्वी प्रबळ होता. इ.स.पू. १६७ च्या सुमारास चौथ्या अँटायोकस या ग्रीक वंशाच्या राजाने यहुदी आचारांवर बंदी घातली आणि नेमकी आज्ञा पाळणारी माणसंच मारली गेली. मग यांना न्याय कधी? त्याच काळातल्या दानिएलच्या ग्रंथात उत्तर येतं: मातीत झोपलेले पुष्कळ जण जागे होतील, काही सर्वकाळच्या जीवनासाठी, काही सर्वकाळच्या अप्रतिष्ठेसाठी. तरीही एकमत झालं नाहीच. यहुद्यांतला परुशी पंथ मृतांचं पुन्हा उठणं मानत असे, सदूकी पंथ साफ नाकारत असे. ख्रिस्ती धर्म या वादातल्या पहिल्या बाजूने वाढला. इस्लामनेही कयामत आणि कर्मांचा तराजू मानला; कणभर चांगलं केलेलंही दिसेल आणि कणभर वाईटही, असं कुराण सांगतं.

हिशेब आला की एक नवं दुःख येतं. जिवंतांनी मेलेल्यांसाठी काय करायचं? निकाल लागला असेल तर प्रार्थनेचा उपयोग काय? युरोपात याला उत्तर म्हणून स्वर्ग-नरकाच्या मधली शुद्धीची जागा पुढे आली, पर्गेटरी. १२७४ च्या ल्योंच्या धर्मसभेने तिला मान्यता दिली. आता आईच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, म्हणवून घेता येत होती, तिचा त्रास कमी करता येत होता. त्यातूनच पापदंडमाफीच्या पत्रांचा व्यवहार वाढला, आणि १५१७ मध्ये मार्टिन लूथरने त्यावर बोट ठेवलं. इंग्लंडमध्ये १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी प्रार्थना करायला दिलेल्या देणग्या सरकारजमा झाल्या. गैरव्यवहार खरा होता, यात शंका नाही. पण कोणाच्या तरी घरात ज्या दिवशी समजलं असेल की आता बापासाठी काहीच करता येणार नाही, त्या दिवसाची नोंद धर्मसुधारणेच्या इतिहासात सहसा सापडत नाही.

आता "नसतो" म्हणणाऱ्यांकडे. इंतेफ राजाचं म्हणून ओळखलं जाणारं एक इजिप्शियन गाणं सांगतं की तिथून कोणी परत येऊन तिथली हकीकत सांगितलेली नाही. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस म्हणाला, आपण असतो तेव्हा मृत्यू नसतो, आणि मृत्यू असतो तेव्हा आपण नसतो. चार्वाकांच्या नावावरचं "भस्मीभूतस्य देहस्य पुनरागमनं कुतः" तर सगळ्यांना पाठ आहे. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दीघनिकाय या पालि बौद्ध ग्रंथातला पायासी नावाचा राजा, कारण त्याने प्रयोग केल्याचं सांगितलं आहे. त्याने मरणाऱ्या नातलगांकडून परत येऊन सांगण्याचं वचन घेतलं. कोणी आलं नाही. चोराला जिवंत रांजणात कोंडून तोंड ओल्या कातड्याने आणि मातीने लिंपलं, आणि तो मेल्यावर जीव बाहेर पडताना दिसतो का ते पाहिलं. मरण्याआधी आणि नंतर वजन केलं. मेल्यावर शरीर उलट जड लागलं, असं तो म्हणतो. हे प्रयोग क्रूर आहेत, वाचताना अंगावर काटा येतो. कुमार कस्सप भिक्षू त्याला दृष्टान्तांनी उत्तरं देतो. शौचकूपातून बाहेर काढून न्हाऊ-माखू घातलेला माणूस पुन्हा त्यात उतरेल का? मग स्वर्गात गेलेले इथे कशाला येतील?

तोच तराजू १९०७ मध्ये पुन्हा दिसतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरने सहा मरणासन्न रुग्णांची खाट वजनकाट्यावर ठेवली. पहिल्या रुग्णाचं वजन पाऊण औंसाने, म्हणजे सुमारे २१ ग्रॅमने घटल्याची नोंद त्याने केली. बाकीच्यांचे आकडे त्याच्याशी जुळले नाहीत, दोन तर त्यालाच बाद करावे लागले. लोकांच्या लक्षात राहिले ते २१ ग्रॅम.

१८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात फॉक्स बहिणींच्या घरातल्या ठकठक आवाजांपासून मृतात्म्यांशी बोलण्याची लाट उसळली. त्यांच्यातल्या मार्गारेटने ते आवाज आपणच काढत होतो, अशी कबुली १८८८ मध्ये दिली. तोवर ही लाट जगभर पोचली होती, आणि पहिल्या महायुद्धाने घराघरांतली तरुण मुलं नेली तेव्हा ती पुन्हा चढली. १९७५ नंतर बोलणं मृतात्म्यांकडून मरणाच्या दारातून परतलेल्यांच्या अनुभवांकडे वळलं. यावरचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रियातल्या १५ रुग्णालयांत हृदय बंद पडण्याच्या २,०६० घटना नोंदल्या गेल्या. वाचलेल्यांपैकी १४० जणांशी बोलता आलं. छताजवळ फळ्या बसवून त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली होती, कोणी खरंच शरीराबाहेरून पाहत असेल तर ते कळावं म्हणून. आपल्यावर चाललेले उपचार पाहिल्याचं आणि ऐकल्याचं दोघांनी सांगितलं. त्यांतल्या एकाचं वर्णन प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींशी पडताळून पाहता आलं. ते दोघंही जिथे होते, तिथे फळी बसवलेली नव्हती.