कोकणचा किनारा चालायला किती दिवस लागतील?

नागपूरच्या अंबाझरी तलावावरच्या आमच्या सकाळच्या फेरीत गेल्या महिन्यात एक बेत शिजला. महाराष्ट्राचा अख्खा किनारा पायी चालायचा, पालघरमधल्या झाईपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत. आम्ही नागपूरकर, समुद्र पाहायचा तर आम्हाला रात्रभराची गाडी पकडावी लागते. म्हणूनच असेल, पण उत्साह फार.

एकाने लगेच हिशेब मांडला, "शाळेत ७२० किलोमीटर शिकलो. दिवसाला २० धरले तर ३६ दिवस." दुसऱ्याने मोबाइल काढला, "अबे, आता ८७८ झाला ना. ४४ दिवस लागतील." तिसरा थांबलाच, "वाढला कसा? समुद्रानं जमीन देल्ली का?"

प्रश्न अगदी रास्त होता. याच आकड्यांवरून, समुद्र मागे सरतोय आणि बुडालेली प्राचीन भूमी वर येतेय, असा एक मेसेज आमच्या ग्रुपवर आधीच फिरून गेला होता. तो साफ खोटा आहे. खरं कारण त्याहून कितीतरी सुंदर आहे, आणि ते समजायला एक दोरी आणि एक काठी पुरते.

केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात भारताच्या किनाऱ्याची लांबी ७,५१६ किमीवरून ११,०९८ किमीवर गेली. महाराष्ट्राचा केंद्राच्या जुन्या नोंदीतला आकडा ६५२.६ किमी होता (आपल्या पुस्तकातले ७२० त्याहून वेगळे), तो ८७७.९७ झाला. जुनी मोजणी १९७० च्या दशकातली, ४५ लाखास एक या प्रमाणाच्या नकाशावरची. त्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर. टोक केलेल्या पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तरी तिच्याखाली सव्वादोन किलोमीटर झाकले जातात. छोटी खाडी, खडकाचं नाक, दोन डोंगरांमधली पुळण, सगळं त्या रेघेच्या पोटात. नवी मोजणी अडीच लाखास एक या प्रमाणावर झाली. तिथे १ मिलिमीटर म्हणजे २५० मीटर. म्हणजे १८ पट बारीक नजर. जे आधी दिसतच नव्हतं ते वळण आता मोजलं गेलं.

मग आणखी बारीक मोजलं तर? आणखी वाढेल. आणि मग? वाढतच जाईल. हे पहिल्यांदा नीट ध्यानात आलं लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या. हा माणूस युद्धाला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा. हवामानाचा अंदाज गणिताने मांडण्याचा पाया त्याने घातला, आणि पुढे युद्धं का होतात हेही आकड्यांत शोधू लागला. दोन देशांची सामाईक सीमा जितकी लांब तितकी भांडणं जास्त का, हे त्याला पाहायचं होतं. त्यासाठी सीमांच्या लांब्या गोळा केल्या, तर एकाच सीमेला स्पेन ९८७ किमी म्हणतो आणि पोर्तुगाल १,२१४ किमी. खोटं कुणीच बोलत नव्हतं, दोघांची मापं वेगळी होती. हे काम रिचर्डसनच्या मृत्यूनंतर १९६१ मध्ये छापलं गेलं. १९६७ मध्ये गणितज्ञ बेन्वा मांडेलब्रो यांनी ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि पुढे त्यातून फ्रॅक्टल भूमिती, म्हणजे कितीही जवळून पाहिलं तरी खडबडीतच दिसणाऱ्या आकारांची भूमिती, उभी राहिली.

आम्ही हे अंबाझरीवरच करून पाहिलं. एक दहा मीटरची दोरी आणि एक मीटरची काठी. बांधाच्या बाजूला दोन्हींची बेरीज जवळजवळ सारखी आली, कारण बांध सरळ आहे. सरळ रेषेला दोरी काय आणि काठी काय. झाडांच्या बाजूचा काठ मात्र आत-बाहेर करतो. तिथे दोरी मधली वळणं सरळ ओलांडून गेली आणि काठी प्रत्येक वळणात शिरली, त्यामुळे काठीची बेरीज ठसठशीत जास्त. त्याच काठाने मुंगी चालली असती तर तिला प्रत्येक मूळ आणि दगड वळसा घालून जावं लागलं असतं.

आता जरा गणित. माप निम्मं केलं की लांबी किती टक्के वाढते, यावरून किनाऱ्याचा खडबडीतपणा ठरतो. त्याला मिती म्हणतात. सरळ रेषेची मिती १, तिथे वाढ शून्य. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची मिती सुमारे १.२५, तिथे माप निम्मं केलं की लांबी साधारण १९ टक्के वाढते, कारण २ चा ०.२५ वा घात १.१९ येतो. दक्षिण आफ्रिकेचा किनारा गुळगुळीत, मिती १.०२. आपल्या सरकारी आकड्यांतूनही ही मिती काढता येते. नजर १८ पट बारीक झाली, महाराष्ट्राचा किनारा १.३५ पट झाला. १८ चा कितवा घात १.३५ येतो? ०.१०. म्हणजे मिती १.१०. गुजरात १,२१४ वरून २,३४० वर गेला, १.९३ पट, त्याची मिती १.२३. मधल्या काळात मोजण्याची पद्धतही बदलली आणि किनाराही, त्यामुळे हे ठोकताळेच. पण नकाशा उघडा: कच्छचं आणि खंभातचं आखात, तिथल्या चिखलात फाटत गेलेल्या खाड्या. गुजरातचा आकडा मोठा का, ते डोळ्यांना पटतं.

इथे कुणीही विचारेल, मग कुठलाच भौगोलिक आकडा खरा नाही का? तर तसं नाही. आमच्या नागपुरातला झिरो माइल हा जुन्या सर्वेक्षणाचा दगड बघा. त्या ठिकाणाची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट नोंदलेली आहे. समुद्र क्षणभर स्थिर नसतो, तरी त्याच्या पातळीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींची सरासरी काढली की आकडा एका जागी बसतो. नोंदी वाढवा, तो अधिक घट्ट बसतो. किनाऱ्याच्या लांबीचं उलट आहे. जितकं बारीक मोजाल, तितका आकडा पुढे पळतो.

आणि तरीही पायवाटेला लांबी असते! मला या सगळ्यातलं हेच सर्वांत आवडतं. माणसाचं पाऊल साधारण पाऊण मीटर. त्याहून बारीक वळण पावलाला लागतच नाही. वाट आखली की माप आपोआप ठरलं. वेल्समध्ये २०१२ मध्ये अख्ख्या किनाऱ्याची पायवाट खुली झाली, सुमारे १,४०० किमी. इंग्लंडमध्ये २००९ च्या कायद्याने तशीच वाट आखायला घेतली. त्या कायद्यात एक शहाणपणाची सोय आहे: कडा ढासळला की वाट आतल्या बाजूला सरकते. म्हणजे तिची लांबी बदलू शकते, हे कायद्यालाच मान्य आहे.

कोकणात अशी वाट झालीच पाहिजे, तिथल्या लोकांसाठी आधी आणि आपल्यासारख्या पाहुण्यांसाठी नंतर. पण तिचे किलोमीटर सरकारी ८७८ मधून निघणार नाहीत, खाड्यांतून निघतील. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने वाशिष्ठी नदीची खाडी ओलांडली तर काही मिनिटांचं काम. तीच खाडी काठाकाठाने चालायची म्हटली, तर भरतीचं पाणी पार चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढतं. तिथवर जा आणि पलीकडच्या काठाने परत या. एका खाडीने वाट कित्येक दिवसांनी लांबते. जयगड, बाणकोट, राजपुरी, विजयदुर्ग, प्रत्येक ठिकाणी हाच निर्णय. इंग्लंडमध्ये खाडीमुखावरच वाट थांबवायची की आत पायी ओलांडता येईल अशा पहिल्या जागेपर्यंत न्यायची, ते जागा बघून ठरवतात. आपल्याकडे तर फेरीबोट हा वाटेचाच भाग मानावा, असं माझं ठाम मत आहे.

शिवाय किनारा म्हणायचं कशाला? भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीचा फरक ३ मीटर असेल आणि वाळूचा उतार पन्नासास एक, तर पाण्याची कड १५० मीटर मागे-पुढे होते. ओहोटीला जिथून खडकाला वळसा घालता येतो, तिथून भरतीला टेकाड चढावं लागतं. आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते, म्हणजे आजचं वेळापत्रक उद्याला चालत नाही.

आम्ही सुरुवात गुहागर ते हेदवी या टप्प्याने करणार आहोत. दहा मीटरची दोरी आणि मीटरची काठी, दोन्ही बरोबर घेतोय. माझा अंदाज मी आधीच वहीत लिहून ठेवलाय: गुहागरच्या सरळ पुळणीवर दोघांची बेरीज जुळेल, अंबाझरीच्या बांधावर जुळली तशी. हेदवीला बामणघळीच्या खडकांवर काठीवाला दोरीवाल्याच्या बराच पुढे निघून जाईल.