स्वाक्षरी-संग्रह : एकोणिसाव्या शतकातील नट व साहित्यिकांची पत्रे

एकोणिसाव्या शतकातील लेखक, नट व नाट्यव्यवस्थापक यांची हस्तलिखित पत्रे आणि सह्या जमवण्याचा छंद. पत्रे लिहिणारे हयात असतानाच तो इंग्लंड-फ्रान्समध्ये फोफावला. लंडनचा विल्यम अपकॉट (१७७९–१८४५) हा त्यातला आरंभीचा मोठा संग्राहक.

त्या काळच्या अनेकांना हवी असे ती सही. पत्राची फारशी पर्वा नसे. तळाची सही कातरायची, वहीत डकवायची आणि बाकीचा कागद टाकून द्यायचा. अशा कपट्याच्या पाठीवर कधीकधी मागच्या पानावरचे अर्धे वाक्य सापडते. उरलेले पत्र कायमचे गेलेले असते. आज सुट्या सहीला भाव कमी मिळतो, आणि ते योग्यच आहे. मेजवानीला येता येत नाही असे कळवणाऱ्या चार ओळींपेक्षा तालीम, मानधन किंवा चालू लेखन यांविषयीचे पत्र कितीतरी मोलाचे.

ब्रिटनमध्ये १८४० पर्यंत टपालखर्च कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरे. त्यामुळे पत्राचाच कागद दुमडून त्यावर पत्ता लिहीत, आणि टपालाचा शिक्काही त्यावरच बसे. पेनी टपाल (एका पेनीत देशभर पत्र नेणारी व्यवस्था) आल्यावर आकारणी वजनावर होऊ लागली, पाकिटे रुळली. पत्रावर नुसते ‘मंगळवार’ लिहिले असेल आणि पाकीट हरवले असेल, तर साल मजकुरावरूनच हुडकावे लागते.

कादंबरीकार डिकन्सने १८६० मध्ये स्वतःला आलेली पत्रे गॅड्स हिल येथील घराच्या आवारात जाळली. म्हणून त्याला आलेली पत्रे दुर्मीळ, तर त्याने लिहिलेली चौदा हजारांहून अधिक ज्ञात आहेत. नट हेन्री आयर्विंगच्या लंडनमधील लायसियम नाट्यगृहाचा पत्रव्यवहार व्यवस्थापक ब्रॅम स्टोकर सांभाळी, त्यामुळे आयर्विंगच्या नावाने गेलेले प्रत्येक पत्र आयर्विंगच्याच हातचे असेलच असे नाही. अर्थात ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीच्या लेखकाचे, म्हणजे स्टोकरचे, अक्षर मिळाले म्हणून हळहळणारा संग्राहक विरळाच!

बनावट पत्रांचा उपद्रव जुनाच आहे. १८५२ मध्ये कवी शेलीच्या पत्रांचे पुस्तक कवी ब्राउनिंगच्या प्रस्तावनेसह निघाले. त्यातील एका पत्रात शेलीच्या मृत्यूनंतर (१८२२) बऱ्याच वर्षांनी छापलेल्या एका लेखातला मजकूर होता. तो लेख लिहिणाऱ्याच्या मुलाने, फ्रान्सिस पालग्रेव्हने, तो ओळखला आणि प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले. एडिंबरोत कवी बर्न्स, कादंबरीकार स्कॉट यांच्या नावाने पत्रे पाडणाऱ्या अलेक्झांडर स्मिथला १८९३ मध्ये शिक्षा झाली. अक्षराची नक्कल साधते. कागद मात्र दगा देतो. काही इंग्रजी कागदांच्या जलचिन्हात (कागद उजेडासमोर धरल्यावर दिसणाऱ्या खुणेत) साल असते, आणि ते पत्रावरील तारखेच्या पुढचे निघाले की निकाल लागला. लोहयुक्त शाई जुनी होताना तपकिरी पडते, क्वचित कागदही खाते.

पत्र विकत घेतले तरी ते छापण्याचा हक्क मिळत नाही. कागद ज्याच्याकडे आला त्याचा, मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, हे इंग्लंडमध्ये कवी पोप विरुद्ध प्रकाशक कर्ल या १७४१ च्या खटल्यात ठरले. तेथील कायद्याने त्या काळची अनेक अप्रकाशित पत्रे २०३९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत.