पोरं पितात ते का, हे मोजायचं कसं?

समजा गणपती विसर्जनाच्या रात्री बेळगावच्या शहापुरातल्या कुठल्या तरी बोळात कॉलेजची चार पोरं एकाच बाटलीतली पिली. घरी कळलं की चौघांनाही तेच बोलणं, किती पिलास, कुणाबरोबर पिलास, पैसे कुठनं आणलास. का पिलास हे पण विचारतात, पण उत्तर ऐकायला कोण थांबत नाही. आणि मला वाटतं खरी माहिती तिथंच असते.

हे "का" मोजता येतं. १९८८ मध्ये कॉक्स आणि क्लिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की पिणाऱ्याला एकतर काहीतरी मिळवायचं असतं नाहीतर काहीतरी टाळायचं असतं, आणि ते एकतर त्याच्या आतलं असतं नाहीतर आजूबाजूच्या लोकांमुळं असतं. दोन दुणे चार. एकाला नशेची मजा हवी, दुसऱ्याला दोस्तांबरोबर सेलिब्रेशन, तिसऱ्याला घरातलं भांडण विसरायचंय, चौथ्याला नुसतं ग्रुपमधनं बाहेर पडायचं नाही. १९९४ मध्ये लिन कूपर यांनी अमेरिकेतल्या टीनएजर पोरांवर याचीच प्रश्नावली तपासली, २० प्रश्न, प्रत्येक कारणाला ५. यात "टेन्शनमुळं पितोस काय?" असं हो-नाहीचं विचारत नाहीत, जेव्हा जेव्हा पिलास त्यातल्या किती वेळा या कारणासाठी, असं विचारतात आणि उत्तर १ (जवळजवळ कधीच नाही) ते ५ (जवळजवळ नेहमीच) मध्ये घेतात. मग गणितानं बघतात की एका कारणाच्या पाच प्रश्नांची उत्तरं खरंच एकत्र वर-खाली होतात का, नाहीतर ते चार कप्पे आपणच कागदावर पाडलेले म्हणायचे.

मिळालेलं चित्र असं, की दोस्तांबरोबर म्हणून पिणं सगळ्यात कॉमन, मजेसाठी पिणारी जास्त ढोसतात, पण दुःख विसरायला पिणाऱ्यांची गोष्ट वेगळी, ती इतरांएवढीच पिली तरी त्यांना दारूचा त्रास जास्त होताना दिसतो. म्हणजे नुसती बाटली मोजून तिसरा पोरगा सापडणारच नाही! घरचे तर मिरवणुकीत नाचून पडलेल्यालाच धरणार, आणि हा गप्प घरी येऊन झोपलेला.

आता हेच आपल्याकडं करायचं तर कागदावर नाव नको, आणि भरताना आई-बाबा किंवा सर शेजारी नकोत, नाहीतर सगळीकडं १ लिहून मोकळी होतील. त्याहून अवघड भाषा. खानापूर-निपाणीकडचं पोरगं घरात मराठी, बाहेर कन्नड, मोबाईलवर इंग्लिश, त्यामुळं भाषांतर करून दुसऱ्याकडनं परत उलटं करून घ्यावं लागतं, अर्थ तोच राहिला का बघायला. पुढं या प्रश्नावलीच्या सुधारित आवृत्तीत विसरण्यासाठी पिण्याचे पण दोन भाग केले, घाबरेपणा वेगळा आणि उदासपणा वेगळा. आमच्याकडं दोन्हीला एकच शब्द, टेन्शन. उद्या पेपर आहे तरी टेन्शन, महिनाभर कशातच मन लागत नाही तरी टेन्शनच. तेव्हा मराठी प्रश्नात तो शब्द टाळून "छातीत धडधडतं तेव्हा" आणि "काहीच करू नये वाटतं तेव्हा" असं सरळ विचारलेलं बरं.