ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना झटका का देते?

स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात ते बघितलंय ना? वरच्याने नीट धरायच्या आत खालच्याने सोडलं की घमेलं पडलं, आणि वरच्याने धरलं तरी खालचा सोडेचना तर दोघांची ओढाताण. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधे दर गिअरला हेच चालू असतं.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत (म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला पोचवणाऱ्या) क्लच प्लेटांचे गठ्ठे असतात आणि ते दाबायचं काम तेल करतं, एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) म्हणतात ते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना एक गठ्ठा सुटतो, दुसरा पकडतो, जेमतेम अर्ध्या सेकंदाचा खेळ. पहिला लवकर सुटला की इंजिनवरचा भारच जातो, आरपीएमचा काटा सुर्रकन वर आणि गाडी मात्र ढिम्म, ही झाली स्लिप. दुसऱ्याने घाईने पकडलं की दोन गिअर क्षणभर भांडतात आणि मागे बसलेल्यांच्या माना हलतात. म्हणजे दुखणं एकच, टायमिंगचं, आणि टायमिंग तेलाच्या प्रेशरवर.

तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, फेस होतो, प्रेशर पडतं. जुनं झालं की उष्णतेने त्याचा गुणच जातो, शिवाय प्लेटांचा चुरा व्हॉल्व्हमधे अडकतो. दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बघा, नवं तेल बहुतेक वेळा लालसर आणि पारदर्शक, जुनं काळपट. करपल्याचा वास आला तर बहुतेक प्लेटाच जळल्यात, नुसतं तेल बदलून भागणार नाही. (काही कंपन्या तेल ‘लाईफटाइम’ म्हणतात, कोणाची लाईफ ते विचारायचं नाही.)

एएमटीची (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गोष्ट वेगळी. आपल्याकडे २०१४ च्या सेलेरिओपासून ती घरोघरी पोचली. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला मशीन. क्लच एकच, त्यामुळे तो सुटला की चाकांना ताकदच मिळत नाही आणि गाडी मान डोलावते. हा बिघाड नाही, गिअर पडायच्या वेळी ॲक्सिलरेटर जरा सैल सोडला की बराच कमी होतो. पण घाटात ट्रॅफिकमधे ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची सवय वाईट, प्लेट अर्धवट घासत राहते. खंबाटकी चढताना आम्ही हेच करत होतो, बिल आलं तेव्हा कळलं.

आणि हो, काही गाड्यांचा कॉम्प्युटर क्लच कुठे पकडतो ते चालता चालता शिकतो, बॅटरी काढली की विसरतो आणि परत शिकेपर्यंत झटके देतो. तेव्हा गिअरबॉक्स खोलायला सांगण्याआधी बॅटरी कधी बदलली ते आठवा.