फॉर्मवर ‘छान’ लिहिलं म्हणजे प्रशिक्षण यशस्वी?

गावातले तंटे गावच्या समितीमार्फत सामोपचारानं मिटवण्यासाठी महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. समितीच्या सदस्यांना वाटाघाटीचं प्रशिक्षण दिलं, सगळ्यांनी अभिप्रायाच्या फॉर्मवर ‘छान’ लिहिलं, की ते यशस्वी झालं असं मानतात. हे चूक आहे. अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वागणुकीतला बदल, परिणाम. फॉर्म पहिल्याच पायरीवर थांबतो.

धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा वाद घ्या. समझोत्यावर सह्या झाल्या, पण पेरणीच्या वेळी तोच धुरा पुन्हा कोरला, तर काय मिटलं? म्हणून एक हंगाम जाऊ द्यावा आणि दोघांना वेगवेगळं विचारावं: तुमचं ऐकलं का, दबाव आला का, समझोता टिकला का? पोलीस ठाण्यातल्या तक्रारी घटल्या, हाही पुरावा अपुरा. एकटी बाई भीतीनं गप्प बसली तरी आकडा घटतोच. आणि प्रशिक्षणाआधीची नोंदच नसेल, तर तुलना कशाशी करणार?