कार्ड नवं, पडदा काळा

नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर कॉम्प्युटर रुसला, की संशय कार्डावरच जातो आणि दुकानदाराला फोन लागतो. कार्ड खरोखर खराब निघतंही, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा दोष त्याच्या शेजारीपाजारी असतो. बिघाड नेमका कधी होतो, एवढं नीट पाहिलं तरी निम्मा शोध संपतो.

नेहमी दिसणारी अदलाबदल घेऊ. जुन्या आय-५ प्रोसेसरच्या मशिनमधून जीटीएक्स १०५० टीआय काढून आरटीएक्स ३०६० घातलं. जुनं कार्ड ७५ वॅटचं. मदरबोर्डचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅटच देतो, म्हणून त्यातल्या बऱ्याच मॉडेलना वेगळी वायर लागतच नव्हती. नव्याला १७० वॅट हवेत आणि त्यासाठी सहसा ८ पिनांची एक केबल.

बटण दाबताच पडदा काळा असेल, तर आधी मॉनिटरची वायर पाहा. ती सवयीने मदरबोर्डच्या एचडीएमआयला जोडलेली असते, आणि कार्ड दिसताच अनेक बोर्ड स्वतःचं ग्राफिक्स बंद करतात. वायर बरोबर असेल तर प्लग काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि कार्ड काढून पुन्हा बसवा. स्लॉटच्या टोकाची खिटी ‘कट्’ वाजली पाहिजे. मागची पत्र्याची पट्टी कॅबिनेटला अडून कार्ड एका बाजूने दोन मिलिमीटर वर राहतं, हे वरून बघून कळत नाही. टॉर्च मारून आडवं पाहा. बऱ्याच बोर्डांवर ‘व्हीजीए’ लिहिलेला बारीक दिवा असतो. तो पेटलेला राहिला, तर बोर्डाला कार्डाकडून उत्तर मिळालेलं नाही.

सगळ्यांत छळतो तो बिघाड गेम सुरू झाल्यावर येतो. डेस्कटॉप छान, व्हिडिओ छान, आणि गेममध्ये पाचव्या मिनिटाला मशिन फटकन बंद. इथे एसएमपीएसचं, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याचं, लेबल वाचायला हवं. डब्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट असतं, पण कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवर जगतात. त्या रकान्यात २० अँपिअर लिहिले असतील, तर १२ गुणिले २० म्हणजे २४० वॅटच कामाचे. बाकीचे कागदावरचे! शिवाय कार्डाची मागणी सपाट नसते. काही क्षणांसाठी, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात, ती लिहिलेल्या आकड्याच्या दुपटीकडेही उडी घेते. सरासरी बरोबर असूनही एसएमपीएसचं संरक्षण त्या उडीला घाबरून वीज तोडतं. एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० नियमावलीत असे झटके सोसण्याची अट आली ती यामुळेच. आरटीएक्स ३०६० साठी एनव्हीडियाने ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवला आहे.

पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी करा. आफ्टरबर्नर या फुकट प्रोग्रॅममध्ये पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम तासभर खेळा. मशिन तगलं तर संशय विजेकडे वळवा.

आठ पिनांची केबलच नाही म्हणून साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या, जोडावरून ८ पिना काढून देणारा अडॅप्टर मिळतो. तो घेऊ नका. साटाच्या जोडात १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण ५४ वॅट. आठ पिनांचा जोड १५० वॅटसाठी आहे. फरकाची भरपाई प्लॅस्टिक वितळून होते. सुट्या केबलींच्या एसएमपीएसला दुसऱ्या कंपनीची केबलही लावू नका. तोंड बसतं, पण आतली जोडणी वेगळी असू शकते.

आपल्याकडे यात आणखी एक पात्र असतं, यूपीएस. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. प्रोसेसर ९०, कार्ड १७०, बाकी ४० मिळून ३०० वॅट. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून साधारण ३५० ओढले जातात, आणि मॉनिटरचे २५ मिळवले की ३७५. जुन्या कार्डाबरोबर हाच हिशेब २६५ च्या आसपास येत होता. म्हणून पूर्वी लाइट गेल्यावर निवांत सेव्ह करणारं मशिन आता यूपीएसच्या एका शिट्टीबरोबर मान टाकतं. खात्रीसाठी एसएमपीएस थेट भिंतीच्या प्लगला लावून पाहा.

मशिन चालूच आहे, फक्त पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो, हे दुखणं वेगळं. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) नव्याने सुरू करते, आणि इव्हेंट व्ह्यूअर या आपल्या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद टाकते. इथे आधी जुन्या ड्रायव्हरचे अवशेष काढा, विशेषतः एएमडीवरून एनव्हीडियाकडे आला असाल तर. इंटरनेट तोडा (नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवते), सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू हा जुना ड्रायव्हर समूळ काढणारा प्रोग्रॅम चालवा, मग कंपनीचा ताजा ड्रायव्हर टाका. यासाठी विंडोज फॉरमॅट मारायची घाई नको.

बायोसमधला (बोर्डाच्या सेटिंगमधला) सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने मशिन सुरू होऊ देणारी सोय, बंद करा, असा सल्लाही मिळतो. त्याआधी विंडोजमधलं एमएसइन्फो३२ उघडून ‘बायोस मोड’ पाहा. तिथे ‘लेगसी’ असेल तर सीएसएम बंद करताच विंडोज सुरूच होणार नाही.

सगळं सुरळीत चालल्यावर काही जण कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्रॅम उघडतात आणि स्लॉटच्या वेगाची पिढी १.१ पाहून दचकतात. कार्ड रिकामं बसलं की वीज वाचवायला तो दुवा मंद होतो. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी चालवली की आकडा वर चढतो. जुन्या बोर्डावर तो ३.० ला थांबेल, आणि ३०६० ला १६ लेन (डेटा जाण्याच्या वाटा) असल्याने गेममध्ये त्याचा फरक जाणवत नाही. चारच लेन असलेल्या एएमडीच्या आरएक्स ६५०० एक्सटी कार्डाला मात्र तिथे चांगलाच फटका बसतो.